स्ट्रॉबेरीच्या व्याधींची वंशावळ

परसातील वाफ्यात किंवा गच्चीवरील कुंड्यांत स्ट्रॉबेरी लावणाऱ्या मंडळींची गाऱ्हाणी ऐकावयास बसले, तर ती वरवर पुष्कळ दिसली तरी मुळात फार थोड्या जातींची आहेत, असे लवकरच ध्यानात येते. फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही; धरले तर एका अंगास फुगीर व दुसऱ्या अंगास खोक पडलेले असे वेडेवाकडे निपजते. पहिल्या वर्षी रोपाने हौस पुरविली, दुसऱ्या वर्षी निम्मे पीक आले आणि तिसऱ्या वर्षी पाने आक्रसून कडेने पिवळी पडली, हे दुसरे गाऱ्हाणे. काल टवटवीत असलेले रोप आज भर पाण्यात मान टाकून बसले, हे तिसरे. ह्याखेरीज पानाखालचा मावा, कोरड्या हवेतील लाल कोळी, दमट हवेत फळावर चढणारी राखी रंगाची बुरशी, रात्री येऊन फळे कुरतडणाऱ्या गोगलगाई ही नेहमीची पिडा आहेच. तिच्याविषयी फार लिहावयास नको. फळ मातीस टेकू नये म्हणून रोपाखाली भाताचा पेंढा अंथरावा, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालावे, कोळी दिसताच पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी, सडलेले फळ वाफ्यात राहू देऊ नये, एवढ्याने घरगुती बागेचे बरेचसे काम भागते.

पण पहिली तीन गाऱ्हाणी निराळ्या प्रतीची आहेत. त्यांस इतिहास आहे, आणि तो थोडाथोडका नसून तीन शतकांचा आहे. आज पुण्यातील एखाद्या गच्चीवर जी अडचण येते, तीच फ्रान्सच्या राजाच्या बागेत आली होती. आणि जिचे कारण न कळल्याने गृहस्थ रोप उपटून टाकतो, तिच्यापायी स्कॉटलंडातील एक सबंध खोरे बुडाले होते. राजेरजवाड्यांच्या सनावळ्यांइतकेच रोपांच्या दुखण्यांचे टिपणही इतिहासात बसते, असे आमचे मत असल्याने हा विषय येथे घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व कथेची किल्ली तीच आहे. स्ट्रॉबेरीच्या रोपास फळांचा बहर सरू लागला की बुंध्यातून दोऱ्यासारख्या फांद्या फुटतात व जमिनीवरून सरपटत जातात. त्यांच्या पेरावर पाने येतात, खाली मुळ्या उतरतात, आणि मग मधला दोर वाळून तुटला की नवे रोप स्वतंत्र होते. महाबळेश्वराकडचे बागाईतदार ह्यास 'रनर' म्हणतात; केळीच्या मुनव्याशी त्याचे जवळचे नाते आहे. बी पेरून केलेले प्रत्येक रोप निराळ्या स्वभावाचे निघते. रनर मात्र मातेची हुबेहूब प्रत असते. म्हणून स्ट्रॉबेरीची लागवड सर्वत्र रनरांनीच होत आली. रुचकर फळाचे एक रोप हाती लागले की दोन वर्षांत वाफा भरतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस वाटावयासही उरतो. परंतु प्रत हुबेहूब असते म्हणजे केवळ गुणांचीच नव्हे. मातेत जी उणीव असेल ती, आणि मातेस जो रोग असेल तोही, त्याच दोरातून लेकीकडे जातो.

युरोपात स्ट्रॉबेरी पूर्वीपासून होती. पण ती रानातली, बोराहूनही बारीक. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेतून व्हर्जिनियाची तांबडी, सुवासिक, पण लहानच अशी जात तिकडे गेली. मोठ्या फळाची जात नांदत होती ती दक्षिण अमेरिकेत, चिलीच्या किनाऱ्यावर. तेथील मापुचे व इतर मूळ रहिवासी स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासून तिची लागवड करीत. ती युरोपात पोहोचली एका गुप्तहेराच्या हातून. आमेदे फ्राँस्वा फ्रेझिए हा फ्रान्सच्या लष्करातील स्थापत्यविशारद. स्पेनच्या ताब्यातील चिली व पेरू येथील किल्ले, बंदरे व तोफा ह्यांची माहिती काढण्यासाठी चौदाव्या लुईच्या सरकारने त्यास १७१२ साली व्यापाऱ्याच्या वेषात तिकडे पाठविले. त्याचे आडनावच मुळी स्ट्रॉबेरीच्या फ्रेंच नावावरून आलेले होते. कादंबरीकाराने असा योग जुळविला असता तर टीकाकारांनी त्यास हसून सोडले असते. कॉन्सेप्सिओन गावाजवळ त्याने ही स्ट्रॉबेरी पाहिली. तिची फळे अक्रोडाएवढी, कधी कोंबडीच्या अंड्याएवढीही असतात, असे त्याने १७१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात नमूद केले आहे.

परतीच्या सहा महिन्यांच्या प्रवासात जहाजावर पाण्याचा तुटवडा होता. रोपांस पाणी मिळावे म्हणून फ्रेझिएने पाण्याचा कारभार ज्याच्या हाती होता त्या अधिकाऱ्याशी संधान बांधले. ऑगस्ट १७१४ मध्ये जहाज मार्सेयला लागले तेव्हा पाच रोपे जिवंत होती. त्यांतील दोन त्या अधिकाऱ्यास पाण्याच्या मोबदल्यात द्यावी लागली. एक पॅरिसच्या राजोद्यानातील वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान द जुसिए ह्याकडे गेले, एक फ्रेझिएच्या वरिष्ठ मंत्र्याकडे, आणि एक त्याने स्वतःपाशी ठेविले. रोपे वाढली, रनर फुटले, एका बागेतून दुसऱ्या बागेत गेले. फुलेही आली. फळ मात्र धरेना. कोठे क्वचित एखादे आले तर तेही रोगट व बेढब.

ह्याचे कारण फ्रेझिएच्या चोखंदळपणातच होते. चिलीच्या ह्या जातीत नर-रोप व मादी-रोप बहुधा वेगवेगळे असते. फ्रेझिएने साहजिकच जी रोपे मोठ्या फळांनी लगडलेली होती तीच निवडली. म्हणजे निवडून निवडून माद्याच उचलल्या. परागकण देणारी, पण स्वतः न फळणारी रोपे त्याने निरुपयोगी म्हणून तेथेच सोडली असणार. रनरांनी वंश वाढला तो माद्यांचाच. फ्रान्सभर शेकडो वाफे झाले असते, तरी ते पाच रोपांचेच वाफे, आणि पाचही एकाच लिंगाची. ज्या मापुचे शेतकऱ्यांच्या रानातून ही रोपे आणली त्यांच्या शेतात अशी आपत्ती नव्हती. पण त्यांस कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

तोड सापडली ती ब्रिटनीतील ब्रेस्त बंदराजवळच्या प्लूगास्तेल येथील शेतकऱ्यांस. चिलीच्या रोपांच्या ओळींमध्ये व्हर्जिनियाची किंवा कस्तुरी वासाची युरोपीय स्ट्रॉबेरी लावली तर चिलीची रोपे फळांनी भरून जातात, असे त्यांच्या नजरेस आले. ह्याची शास्त्रीय उपपत्ती त्यांस ठाऊक नव्हती आणि त्यांचे काही अडलेही नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास तेथे ही लागवड चांगलीच रुळली होती, व तो गाव पुढे स्ट्रॉबेरीसाठीच नावारूपास आला. उपपत्ती लावली ती व्हर्सायच्या आंत्वान निकोला दुशेन ह्या मुलाने. त्यास मुलगाच म्हटले पाहिजे, कारण १७६४ च्या जुलैत त्याने कस्तुरी जातीच्या परागाने फळविलेले चिलीचे रोप पंधराव्या लुईपुढे नेऊन ठेविले, तेव्हा त्यास सतरा वर्षेही पुरी झाली नव्हती. १७६६ साली त्याने स्ट्रॉबेरीच्या जातींवर ग्रंथ लिहिला. स्ट्रॉबेरीत नर व मादी रोपे वेगळी असू शकतात हे त्यात स्पष्ट केले. आणि युरोपातील बागांत नव्यानेच दिसू लागलेली, अननसासारख्या वासाची, मोठ्या फळाची जात म्हणजे चिली व व्हर्जिनिया ह्यांची संतती होय, असे अनुमानही काढले. ते अनुमान खरे होते. आज जगात पिकते ती बहुतेक सर्व स्ट्रॉबेरी ह्याच संकराची, म्हणजे एका हेराच्या वांझ ठरलेल्या रोपांची वंशज आहे.

एवढे स्वच्छ लिहिले गेले तरी ते लोकांच्या गळी उतरण्यास आणखी शंभर वर्षे लागली. १८४० च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात निकोलस लाँगवर्थ ह्या धनिक बागाईतदाराने हाच प्रश्न पुन्हा उकरून काढला. मादी जातीच्या मधूनमधून नर-फुलांची रोपे लावल्याखेरीज पीक येत नाही, असा त्याचा आग्रह. तर मोठमोठे माळी व संपादक त्याची टर उडवीत. बागाईतीच्या मासिकांतून ह्या वादास रणधुमाळीचे स्वरूप आले. गंमत अशी की, लाँगवर्थला हे ज्ञान एका बाजारी माळ्याच्या घरून मिळाले असे सांगतात. तो माळी नर-रोपे बेताने ठेवून इतरांच्या कितीतरी पट माल बाजारात आणीत असे आणि तोंडातून अक्षर काढीत नसे. पुढे एकाच फुलात नर व मादी दोन्ही भाग असलेल्या उत्तम जाती निघाल्या, आणि वाद आपोआप थंडावला.

वाद थंडावला, पण व्याधी सर्वस्वी गेली नाही, आणि येथेच आपल्या गच्चीवरील वेडेवाकड्या फळाचा संबंध येतो. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे पिवळसर कण दिसतात त्यांस आपण बी म्हणतो. वास्तविक तो प्रत्येक कण हेच एक स्वतंत्र फळ असून, आपण चवीने खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला पाट होय. १९५० साली जे. पी. निट्श ह्या शास्त्रज्ञाने हे कण एकेक करून काढून पाहिले. जेथला कण काढला तेथला गर वाढेना. जेथे ठेवला तेथेच फुगे. कणांतून निघणारे द्रव्यच गरास वाढवीत असते, असे त्यावरून सिद्ध झाले. तेव्हा ज्या कणास पराग पोहोचला नाही, त्याच्या भोवतालचा गर खुरटतो व फळास खोक पडते. आजच्या जातींच्या फुलात पराग असतो. परंतु तो प्रत्येक कणापर्यंत पोहोचविण्यास मधमाशी किंवा वारा लागतो, आणि चौथ्या मजल्यावरील जाळी लावलेल्या सज्जात ह्या दोहोंचीही वाण असते. फुले उमलल्यावर दुपारी मऊ कुंचला प्रत्येक फुलावरून हलकेच फिरवावा. फ्रेझिएच्या रोपांस जे मिळाले नाही ते ह्याने मिळते.

आता दुसरे गाऱ्हाणे. वाण वर्षागणिक खंगत जातो हा अनुभव बागाईतदारांस फार जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस अँड्रू नाइट ह्या इंग्रज पंडिताने सफरचंदाच्या संबंधात असा सिद्धांत मांडला होता की, कलमाने वाढविलेल्या सर्व झाडांचे वय मूळ झाडाइतकेच धरावयाचे. मूळ झाडाचे आयुष्य सरले की सारी कलमे एकदम म्हातारी होतात. सिद्धांत चुकीचा, पण फार समाधानकारक होता. कारण त्यात कोणाकडेच दोष येत नव्हता. वाण थकला, एवढे म्हटले की झाले. इंग्लंडात १८९२ साली लॅक्स्टन बंधूंनी 'रॉयल सॉव्हरिन' नावाची जात काढली. लवकर येणारी, चवीला अप्रतिम, अशी तिची ख्याती घरोघर पसरली. पुढे १९२० नंतर तीही थकू लागली: पाने लहान, कडा पिवळ्या, पृष्ठभाग चुरगळलेला, फळ नाममात्र. केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथील संशोधकांनी व इतरांनी शोध केला तेव्हा उघड झाले की वाण म्हातारा झालेला नाही, तो आजारी आहे. रोपाच्या रसात विषाणू शिरले होते. ते एका रोपावरून दुसऱ्यावर नेणारा दूत म्हणजे स्ट्रॉबेरीवरील मावा, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोहोचविणारा दूत म्हणजे रनर. त्यातून वाईट हे की, काही जाती विषाणू अंगात बाळगूनही निरोगी दिसतात, आणि शेजारच्या नाजूक जातीस मरण वाटतात.

आमच्या मते ह्या कथेतील सर्वांत करुण भाग हाच आहे. रॉयल सॉव्हरिन बुडाली ती कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे, तर शेजारधर्माने. ज्याच्याकडे चांगले पीक आले त्याने टोपलीभर रनर नातलगांस दिले. त्यांनी ते जुन्या वाफ्याच्या कडेला लावले. जुन्या वाफ्यातील मावा नव्यावर गेला. आणि दोन-तीन वर्षांनी तेथून पुन्हा रनर निघाले. आपल्याकडे केळीचा मुनवा मागून आणावा, अळूचा कांदा मागून आणावा, ही रीत आहे व ती फार गोड आहे. पण केळीचा पर्णगुच्छ रोगही नेमका मुनव्यांतून व माव्यांतूनच पसरतो, हे आपल्या शेतकऱ्यांनी सोसून पाहिलेले आहे.

तिसरे गाऱ्हाणे मान टाकणाऱ्या रोपाचे. स्कॉटलंडात लानार्कशरमध्ये क्लाइड नदीच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्ट्रॉबेरीची मोठी लागवड होती. ग्लासगोसारखी बाजारपेठ जवळ, आगगाडीची सोय, आणि लहान लहान शेतांवर कुटुंबेच्या कुटुंबे राबणारी. १९२० च्या सुमारास तेथील वाफ्यांत रोपे खुजी राहू लागली, निळसर-हिरवट दिसू लागली, आणि ऐन फळाच्या तोंडावर कोमेजून जाऊ लागली. रोप उपटावे तर बारीक तंतुमुळे गळून नुसते उंदराच्या शेपटीसारखे मूळ हातात येई, आणि ते उभे चिरले तर आतला गाभा रक्तासारखा लाल. त्यावरून त्या रोगास तिकडे 'रेड कोअर' म्हणू लागले; लानार्कशरचा रोग हे त्याचे दुसरे नाव. बटाट्याच्या करप्याचा जो कारक, त्याच्याच कुळातील हा एक सूक्ष्म जीव असून १९४० साली हिकमन ह्याने त्याचे नाव व वर्णन निश्चित केले. थंड, दलदलीची, निचरा नसलेली जमीन त्यास मानवते. त्याची बीजे मातीत दहा-दहा वर्षांहूनही अधिक काळ टिकून राहतात. आणि नव्या शेतात तो जातो तो पाण्याबरोबर, बुटास लागलेल्या चिखलाबरोबर, व अर्थातच रनरांच्या मुळ्यांबरोबर. ज्याचे शेत सडले त्याने शेजारच्या दरीतून नवी रोपे आणावी, व ती आधीच रोगी असावी, असे चालले. काही वर्षांतच त्या खोऱ्याचा स्ट्रॉबेरीचा धंदा बसला, आणि पुष्कळांनी काचगृहांतील टोमॅटो धरले.

ह्यावर उपाय म्हणून एअर गावाजवळच्या ऑकिनक्रूव्ह येथील कृषिमहाविद्यालयात आर. डी. रीड ह्यांनी 'ॲबर्डीन' ह्या अमेरिकन जातीचा आधार घेऊन रोगास दाद न देणाऱ्या जाती निपजविण्याचे काम हाती घेतले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यातून 'ऑकिनक्रूव्ह क्लायमॅक्स' ही जात बाहेर पडली. पीक उदंड, रोप धट्टेकट्टे. ब्रिटनभर तिचाच बोलबाला झाला. आणि थोड्याच वर्षांत, १९५० च्या दशकाच्या मध्यास, तिच्या पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले. हा मावा आणीत नव्हता, एका रोपाचे कलम दुसऱ्यावर बांधूनही तो लागत नव्हता. तो रोपाच्या वंशातच दडलेला होता, आणि रनरांतून तसाच बियांतूनही उतरत होता. एका ठिकाणी दिसला म्हणजे सर्वत्र दिसणार हे ठरलेलेच, कारण ब्रिटनभरची ती सारी रोपे मिळून एकच रोप होते. बघता बघता ती जात बाजारातून नाहीशी झाली. फ्रेझिएच्या पाच माद्यांची गोष्ट जणू दुसऱ्या रूपाने पुन्हा घडली. फरक इतकाच की, ह्या वेळी वांझपणाऐवजी व्याधी वारशाने आली.

ह्या साऱ्या हानीतून जो उपाय निघाला तो रनर बंद करण्याचा नव्हे, तर माता तपासण्याचा. रोप काही आठवडे सुमारे ३७ अंश सेल्सियस उष्णतेत ठेवले तर काही विषाणू मरतात, असे दिसून आले. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल व मार्टिन ह्यांनी डेलियाच्या झाडाच्या अगदी टोकाचा, मिलिमीटरहूनही लहान कोंब काचनळीत वाढवून विषाणुमुक्त रोप मिळविले. कारण वाढत्या टोकापर्यंत विषाणू बहुधा पोहोचलेला नसतो. तीच युक्ती पुढे स्ट्रॉबेरीस लागू पडली. अशी शुद्ध माता जाळीच्या घरात मावा लागू न देता सांभाळावयाची, तिच्या रनरांची तपासणी करून प्रमाणपत्रासह विक्री करावयाची, आणि शेतातील पीक जुने होऊ द्यावयाचे नाही, असा क्रम पुष्कळ देशांत रूढ झाला. जमिनीतील रोगांसाठी कॅलिफोर्नियात माती विषारी धुराने धुण्याची प्रथा पडली. परंतु त्यातील मिथाइल ब्रोमाइड आकाशातील ओझोनचा थर खाते म्हणून पुढारलेल्या देशांनी २००५ पासून काही अपवाद राखून त्याचा वापर सोडला. माती शुद्ध करण्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर इंग्रजी अमदानीत आलेले हे फळ आता तेथील मुख्य पीक झाले असून २०१० साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. अशा पावसात जुनी रोपे राखून मूळकुजीस आमंत्रण देण्यापेक्षा परदेशातून मातृरोपे आणावयाची, वाईसारख्या खालच्या बाजूस रोपवाटिकांत त्यांचे रनर वाढवावयाचे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर नवी लागण करावयाची, असा तेथील बागाईतदारांचा परिपाठ आहे. दरवर्षी पैसा परदेशी जातो ही टीका रास्त आहे. पण लानार्कशरचा अनुभव ध्यानात घेतला म्हणजे हा खर्च कशाबद्दल चालतो ते कळते.

घरी दहा-बारा कुंड्या लावणाऱ्याने ह्यातून काय घ्यावे? रोपे दर मोसमास भरवशाच्या रोपवाटिकेतून नवी आणावी. मे महिन्याअखेर जुनी रोपे काढून टाकावी, व त्यांच्या मातीत पुन्हा स्ट्रॉबेरी लावू नये. कुंडीच्या बुडाशी भोके मोकळी असावी, आणि रोपाचा बुंधा, जेथून पाने फुटतात तो कोंब, मातीच्या वर राहील इतपतच लावण खोल करावी; पुरलेला कोंब हमखास कुजतो. रनर राखावयाचेच असतील तर पहिल्याच वर्षाच्या, फळ धरलेल्या व पान सपाट असलेल्या रोपाचे, तेही जास्तीत जास्त दोन राखावे. एखाद्याने आपल्या तीन वर्षांच्या वाफ्यातील रनर प्रेमाने आणून दिला, तर तो नाकारणे आपल्या रीतीत बसत नाही हे आम्हीही जाणतो. तो घ्यावा, पण निराळ्या कुंडीत, इतर रोपांपासून दूर, घराच्या दुसऱ्या बाजूस लावावा आणि एक मोसम त्याच्या पानांवर नजर ठेवावी. रोप कोमेजून मेलेच, तर फेकण्यापूर्वी त्याचे मूळ चाकूने उभे चिरून गाभ्याचा रंग पाहावा.